एकट्याने यावे

इंदूबाईंनी दसरा झाला की पुण्याला गंधारकडे जायचं ठरवलं, तेव्हा विष्णुपंत राशिनकरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. आई मुलाकडे जाणारच. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि परतीचं रिझर्वेशन कोणत्या तारखेचं करू, एवढंच विचारलं. इंदूबाई पोळी लाटत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "परतीचं बघू."

विष्णुपंतांनी मोबाईल खाली ठेवला. 'बघू' म्हणजे काय, हे अख्ख्या संगमनेरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. या जूनअखेर निवृत्त होईपर्यंत ते कॉलेजच्या ऑफिसात मुख्य लिपिक होते. रजा मागणारे प्राध्यापक, फी माफी मागणारी पोरं, बिलं घेऊन येणारे फर्निचरवाले, सगळ्यांना त्यांनी चष्म्यावरून पाहत हाच शब्द ऐकवला होता, आणि ज्याला ऐकवला त्याचं काम झाल्याचं त्यांना तरी आठवत नव्हतं. आता तोच शब्द स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या बायकोकडून ऐकायची पाळी त्यांच्यावर आली होती.

ते हॉलमध्ये येऊन बसले. उठले. बाल्कनीत गेले, तुळशीला पाणी घातलं. कुंडीत सकाळचंच पाणी अजून जिरलं नव्हतं, म्हणून त्यातलं थोडं वाटीने काढून टाकलं. मग आपली बायको अशी का वागते आहे, याचा शांतपणे विचार करायचं त्यांनी ठरवलं आणि तो विचार करायला पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन तिच्या मागे उभे राहिले.

त्यांच्या मते त्यांचं काहीच चुकत नव्हतं. निवृत्त झालेला माणूस पेपरात तोंड खुपसून बसतो, घराकडे बघत नाही, अशी बायकांची तक्रार असते. विष्णुपंतांनी तिला जागाच ठेवली नव्हती. इंदूबाई भाजीला निघाल्या की पिशवी यांच्या हातात. त्यांनी मेथीची जुडी उचलली की हे ती उलटी करून बघणार आणि परत ठेवणार. त्या भजनी मंडळात गेल्या की हे बायकांच्या मागे खुर्ची टाकून बसणार आणि टाळ कोणाचा चुकतो आहे ते बोट करून दाखवणार. त्या बहिणीशी फोनवर बोलू लागल्या की समोर बसून 'तिला म्हणावं, बीपीची गोळी बदल' असं मधेच सुचवणार. एकदा त्या पार्लरमध्ये गेल्या, तर हे बाहेर स्कूटरवर बसून राहिले, आणि फार वेळ लागतो आहे असं वाटल्यावर काचेवर टकटक करून 'सगळं ठीक आहे ना?' एवढं विचारून घेतलं. आत कोणाच्या तरी भुवईचा दोरा त्यामुळे सरकला, पण ती बाई परकी होती. याला काळजी म्हणायची नाही तर काय म्हणायचं, असं त्यांनी गंधारला फोनवर विचारलं.

गंधार म्हणाला, "बाबा, तुम्ही कोणाशी तरी बोला."

"मी सगळ्यांशी बोलतो."

"तसं नाही. समुपदेशकाशी बोला. रिटायर झाल्यावर होतं असं, त्यात काही कमीपणा नाही. संगमनेरातच एक आहेत, पंकजा गर्जे म्हणून. मी तुमची वेळ घेऊन ठेवली आहे. फक्त त्यांची एक अट आहे, एकट्याने यायचं."

विष्णुपंतांचा अपमान झाला. राशिनकरांच्या घराण्यात कोणाच्या डोक्यात कधी काही बिघडलेलं नव्हतं. आजोबा भिक्षुकी करत, वडील शिक्षक, सगळ्यांची डोकी शेवटपर्यंत शाबूत. एक चुलत काका तेवढे भलतंसलतं बोलत, पण ते निवडणुकीला उभे राहिले आणि ते बोलणं त्यात खपून गेलं. हे सगळं ते गंधारला सांगणार होते, तेवढ्यात आतून माळ्यावरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला. "पत्ता पाठव," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता एकट्याने जायचं यात अवघड ते काय, असं ज्याला वाटेल तो संगमनेरात राहिलेला नाही हे नक्की. इथे माणूस सिनेमाला एकटा जाईल, एक वेळ तीर्थयात्रेलाही जाईल, पण दवाखान्यात एकटा जाणार नाही. म्हणजे त्याला जाऊच देत नाहीत. नुसतं नख काढताना बोटाला लागलं तरी एक जण स्कूटर चालवतो, एक जण मागे धरून बसतो, आणि तिसरा डबा घेऊन पोचतो. गुरुकृपा सोसायटीत तर ही शिस्त फारच कडक होती. समोरच्या पुष्पावतीबाई गुंजाळ यांचा थर्मास गावातल्या प्रत्येक दवाखान्याचं पाणी प्यायलेला होता. आणि शेजारचे भागवत नवले दूध संघातून निवृत्त झाल्यापासून सोबत करायला कोणी मिळतंय का, याची वाटच बघत असत.

त्या दिवशी विष्णुपंत इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यावरून चोरपावलांनी उतरले, तर भागवतराव खालच्या पायरीवर चप्पल घालत होते.

"पंत, कुठं निघाले?"

विष्णुपंतांनी आयुष्यात खोटं असं फारसं बोललेलं नव्हतं. ऑफिसात तशी गरज पडत नसे, 'फाइल वर गेली आहे' एवढ्यावर भागत असे. त्यामुळे त्यांना पटकन काही सुचेना. पंकजा गर्जे यांचा दवाखाना नाशिक रस्त्यावरच्या ज्या इमारतीत होता, तिथेच खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, एवढंच त्यांना आठवलं.

"दाताचं जरा," ते म्हणाले.

"आन एकटे? अहो, दाताला कोनी एकटं जातं व्हय? खुर्चीवरून उठताना चक्कर येती. चला, मी हाय." आणि भागवतराव स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलेसुद्धा.

पुढचं सगळं त्या ओघाने झालं. भागवतराव दातांच्या दवाखान्यात शेजारीच बसले, त्यामुळे विष्णुपंतांना आत जावंच लागलं. आत गेल्यावर तोंड उघडावं लागलं. आणि तोंड उघडल्यावर दातांच्या डॉक्टरला कधी काही सापडलं नाही असं होत नाही. मागची एक दाढ आतून गेलेली होती म्हणे. विष्णुपंत 'बघू' म्हणायच्या आत इंजेक्शन बसलं आणि अर्धं तोंड बधिर झालं. बाहेर आल्यावर भागवतराव गोळ्या आणायला रस्त्यापलीकडच्या मेडिकलमध्ये गेले. ही संधी साधून विष्णुपंत गालाला रुमाल लावून जिना चढले.

पंकजा गर्जे पस्तिशीच्या, मूळच्या पाथर्डीकडच्या, सुती साडी नेसलेल्या आणि मुळीच घाई नसलेल्या बाई होत्या. "बसा काका," त्या म्हणाल्या. "काय होतंय तुम्हाला?"

विष्णुपंतांनी घरून वाक्य तयार करून आणलं होतं. 'सदर बाबतीत माझी स्वतःची तक्रार नसून केवळ मुलाच्या आग्रहास्तव उपस्थित झालो आहे.' बधिर ओठांतून त्यातलं 'आग्रहास्तव' बाहेर येताना लाळच गळाली. इंजेक्शनमुळे डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वेगळंच. पंकजाताईंनी कागदी रुमालांचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

आपण रडतो आहोत असा या बाईंचा समज झाला, हे विष्णुपंतांच्या लक्षात आलं. आपण रडत नसून ती दाढ आहे, हे सांगायचा त्यांनी जिवापाड प्रयत्न केला. पण जसजसा जोर लावावा तसतसं डोळ्यांतून अधिक पाणी येई. "घाई नाही, काका," त्या फार मायेने म्हणाल्या. "पहिल्या वेळी पुष्कळांचं असं होतं."

दाढेची बातमी सोसायटीत संध्याकाळच्या आत पसरली. पुष्पावतीबाई तांदळाचं खिमट घेऊन आल्या. पाठोपाठ कोणी मऊ भात आणला, कोणी लवंगेचं तेल, कोणी स्वतःची काढलेली दाढ डबीत घालून दाखवायला आणली. दात दुखणाऱ्या माणसाला एकटं सोडू नये म्हणून सगळे उशिरापर्यंत बसले. इंदूबाई चहा करत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पण लोक आले, तिसऱ्या दिवशी पण. विष्णुपंत चहाचे कप मोजून देत होते आणि साखर किती टाकली ते ओट्याशी उभं राहून तपासत होते. शेवटी इंदूबाईंनी गाळणं सिंकमध्ये जोरात आपटलं. "मी दसऱ्याची पण वाट बघणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या, आणि बॅगेत साड्या भरायला लागल्या.

विष्णुपंतांनी घाबरून दुसरी वेळ मागून घेतली. या खेपेला स्कूटर काढली नाही. भागवतरावांची आंघोळ चालली आहे याची खात्री करून मागच्या फाटकाने बाहेर पडले आणि गोरक्षनाथच्या रिक्षात बसले. गोरक्षनाथ ओळखीचा, पण कमी बोलणारा म्हणून त्यांनी मुद्दाम निवडला होता. बिचारा खरंच काही बोलला नाही. पंत जिना चढून वर गेले, तो खाली थांबून राहिला.

वर विष्णुपंत तासभर बोलले. बोलण्यात त्यांना कोणी हरवलेलं नव्हतं. नव्या प्राचार्यांचं काय चुकतं, भागवतरावांच्या मुलाचं लग्न का जमत नाही, पुष्पावतीबाईंनी पाण्याच्या टाकीवरून सोसायटीशी उगीच कसा वाद घातला, असं सगळं त्यांनी क्रमाने मांडलं. पत्नीबद्दलही बोलले. 'पत्नीच्या वागण्यात अलीकडे बदल झाल्याचे निदर्शनास आले असून, त्याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी,' असं त्यांनी पंकजाताईंना सुचवलं.

पंकजाताई सगळं ऐकून म्हणाल्या, "काका, या सगळ्यात तुम्ही कुठे आहात?"

"मी? मी इथेच आहे की."

त्या हसल्या. "पुढच्या वेळी तुमच्याबद्दल बोलू. एकट्यानेच या."

खाली आल्यावर गोरक्षनाथने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पंत, वरच्या ताई लई चांगल्या हायेत. माजी बायकू त्यांच्याकडंच येत हुती, बाळंतपनानंतर. आता बरी हाय. तुमी बी व्हाल."

विष्णुपंतांनी घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं. पण गोरक्षनाथच्या मनात काहीच वाईट नव्हतं. उलट पंतांसारख्या भल्या माणसाला या वयात एकट्याने असं यावं लागतं, याचं त्याला इतकं वाईट वाटलं, की संध्याकाळी त्याने ते सोसायटीच्या फाटकात उभं राहून भागवतरावांना कळवळून सांगितलं.

आता लोक नावं ठेवतील, तोंड फिरवतील, असं विष्णुपंतांना वाटलं होतं. तसं काही झालं असतं तर फार बरं झालं असतं. झालं ते असं, की लोक रागावले. आजारामुळे नाही, एकटे गेले म्हणून. सगळ्यात जास्त भागवतराव रागावले. "इतक्या वर्सांचा शेजार आपला," ते दारात उभं राहून म्हणाले, "आन मला दाढ सांगितली!" आणि त्यांनी बोलणंच टाकलं.

बाकीच्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. कोणी म्हणालं, दही बंद करा. कोणी म्हणालं, उत्तरेला डोकं करून झोपत असाल. पुष्पावतीबाई म्हणाल्या, गाय पाळा, गायीच्या पाठीवरून हात फिरवला की मन थंड होतं. तिसऱ्या मजल्यावर गाय कशी चढवायची, यावर थोडी चर्चा झाली. एकाने भंडारदऱ्याला जाऊन धरणाकडे बघत बसायला सांगितलं. त्यावर दुसरा म्हणाला, या अवस्थेत माणसाला पाण्याजवळ नेऊ नये. विष्णुपंत तिथेच बसलेले होते, पण त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

बातमी कॉलेजपर्यंत जायला वेळ लागला नाही. त्यांची पेन्शनची फाइल अजून ऑफिसातच होती, आणि त्यांच्याच खुर्चीवर आता पार्थ नावाचा गुणी मुलगा बसत होता. त्याने अदबीने उभं राहून सांगितलं, "सर, तसं काही नाही, फक्त तुम्ही सही करायला सक्षम आहात असा एक सरकारी दाखला लागेल. शंका असेल तर घ्यावा, असं आपल्याच जुन्या परिपत्रकात आहे." परिपत्रकाचा मसुदा विष्णुपंतांचाच होता. अपमानाने त्यांचे कान तापले, आणि पोराने बरोबर कलम शोधून काढलं याचं कौतुकही वाटलं. दोन्ही एकदमच वाटल्याने ते तसेच बाहेर पडले.

सरकारी दवाखान्यात खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. एकटाच आलोय."

"एकट्याला हा दाखला मिळत नाही. जबाबदार माणूस घेऊन या."

पंकजाताई एकट्याने या म्हणतात आणि सरकार एकट्याला उभं करत नाही, अशी ही कोंडी होती. विष्णुपंतांनी खिडकीशी नियमांवरून थोडा वाद घातला, पण तो इतक्या तावातावाने घातला की खिडकीतल्या बाईंना जबाबदार माणसाची गरज आणखीच पटली. इंदूबाईंना चल म्हणायचं धाडस त्यांना होईना. शेवटी त्यांनी भागवतरावांच्या दाराची कडी वाजवली आणि दाढेबद्दल माफी मागितली. भागवतरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "येवढंच ना," ते म्हणाले. "आता एक पाऊल तुमाला एकटं टाकू देत न्हाई."

दाखला मिळाला. भागवतरावांनी दिलेला शब्दही खरा झाला. पुढच्या वेळी विष्णुपंत पंकजाताईंच्या दवाखान्याला निघाले तेव्हा सोबत भागवतराव होते, थर्मास घेतलेल्या पुष्पावतीबाई होत्या, आणि भाडं घेणार नाही अशा अटीवर गोरक्षनाथ होता. वर लहानशी बसायची खोली, तिथे एक मुलगी कोपऱ्यात कानात गाणी घालून बसली होती. ही वरात आत शिरल्यावर तिने पाय पोटाशी घेतले. पुष्पावतीबाईंनी तिला चहा दिला आणि लग्न झालंय का, ते विचारलं.

पंकजाताईंनी दार उघडलं. विष्णुपंत उठले, तर भागवतरावही उठले आणि आत जाऊन पंतांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. दाराच्या चौकटीला पुष्पावतीबाई टेकल्या.

"झोप कशी लागते, काका?" पंकजाताईंनी विचारलं.

"लागत न्हाई," भागवतराव म्हणाले.

"रात्रीचा दिवा जळतो यांचा," दारातून पुष्पावतीबाई म्हणाल्या. "आमच्या खिडकीतून दिसतं ना. भाऊजी इकडून तिकडं, तिकडून इकडं."

"आणि जेवण?"

"जेवनाचं काय, वहिनी सुगरन हाय. पर ह्येच्याच नरड्याखाली उतरत न्हाई. पंत, तुमी बोला की."

विष्णुपंतांनी बोलायला तोंड उघडलं. "तसं नाही, मला..."

"त्यांना म्हनायचंय, वहिनी चालल्यात त्याचं मनाला लागलंय."

"मला तसं..."

"आणि गोड कमी करायला सांगा हो ताई त्यांना," पुष्पावतीबाई म्हणाल्या.

विष्णुपंत खुर्चीवरून ताडकन उठले. "अहो, जरा श्वास घेऊ द्या मला!" ते ओरडले. आपला आवाज एवढा मोठा निघू शकतो, हे त्यांना माहीत नव्हतं. "माया आहे, कळतं मला! पण जाईन तिथे मागे! बोलेन ते तुम्ही आधीच बोलणार! मी काय चुकतो आहे का, हरवतो आहे का? मला एकट्याला, नुसतं एकट्याला, घटकाभर राहू द्या ना कोणीतरी!"

भागवतराव लहान मुलासारखे खाली बघत राहिले. पण विष्णुपंतांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. हे सगळं त्यांनी आधी ऐकलेलं होतं. शब्दसुद्धा जवळपास हेच. भाजी मंडईत, मेथीच्या ढिगापाशी, चारचौघांत आवाज चढू नये म्हणून दातांवर दात दाबून इंदूबाई म्हणाल्या होत्या, आणि विष्णुपंतांनी उत्तर दिलं होतं, की तुला ऊन लागलंय, सावलीत चल.

"तुम्ही दोघं बाहेर बसता का?" पंकजाताई हळूच म्हणाल्या. भागवतराव आणि पुष्पावतीबाई मुकाट्याने गेले. दार लागलं.

विष्णुपंत पुन्हा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "ती घरात गुणगुणायची. मी ऑफिसातून आलो की बाहेर जिन्यावरच ऐकू यायचं. दार उघडलं की थांबायची. तेव्हा मला वाटायचं, मी आलो म्हणून चहा टाकायला गेली. आता मी दिवसभर घरात असतो." ते थांबले. "म्हणजे आता ती गातच नाही."

पंकजाताईंनी मान डोलावली.

"मला भीती वाटते, ती परत येणार नाही. तिला नजरेआड केलं की गेलीच, असं वाटतं. म्हणून मागे मागे जातो. ऑफिसात माझ्या टेबलाभोवती सारखी माणसं असायची हो. आता ती एकटीच आहे माझ्यापाशी." आता खरंच डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दाढेचं निमित्त नव्हतं. रुमालांचा डबा त्यांनी स्वतःच पुढे ओढला.

"त्या का चालल्या आहेत, ते विचारलंत त्यांना?"

"नाही. किती वाजताच्या गाडीने जाणार, ते विचारलं."

पंकजाताईंना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "माझे आईवडील ऊसतोडीला टोळीने जायचे, काका. फडावर सगळं गाव एका जागी. खोपटात कोनी कुनाला..." त्या थांबल्या, "कोणी कोणाला एकटं सोडायचं नाही. मी लहानपणी बैलगाडीच्या खाली जाऊन बसायचे, तेवढीच माझी जागा. आई तिथे डोकवायची नाही. एवढंच करायची, जेवायला हाक मारायची. मला ते फार आवडायचं."

बाहेर आल्यावर विष्णुपंतांनी भागवतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. पुष्पावतीबाईंकडून चहा मागून घेतला.

दोन दिवसांनी सकाळी इंदूबाई निघाल्या. स्टँडवर अर्थातच सगळी सोसायटी होती. पुष्पावतीबाईंनी दशम्या बांधून आणल्या होत्या. बॅग गोरक्षनाथने उचलली. विष्णुपंतांनी रात्रभर स्वतःला बजावलं होतं, की काही बोलायचं नाही. ते नाश्त्याला बोलले नव्हते, रिक्षात बोलले नव्हते, आणि त्यामुळे त्यांचा जीव अगदी घुसमटून गेला होता. गाडी लागली. खिडकीची जागा मिळाली. शेजारची जागा रिकामी होती.

तिथे त्यांचा निग्रह संपला. "मी असं करतो," ते गाडीत चढून म्हणाले, "आळेफाट्यापर्यंत येतो. घाटात तुला मळमळतं. तिथून मला परतीच्या गाड्या पुष्कळ आहेत."

इंदूबाई रागावल्या नाहीत. शेजारच्या जागेवर त्यांनी पर्स ठेवली होती, ती फक्त उचलली, मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकून बसल्या.

विष्णुपंतांनी ती पर्स पाहिली. मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली, अंग चोरून. इतकी वर्षं संसार केला आणि ही बाई आपल्यासाठी अशी किती वेळा सरकली असेल, हे त्यांच्या मनात आलं.

"बसा ना काका, गाडी निघते," कंडक्टर म्हणाला.

"मी नाही येत," विष्णुपंत म्हणाले. इंदूबाईंनी मान वळवून पाहिलं. विष्णुपंतांना आणखी पुष्कळ सांगायचं होतं. खिडकी लावून घे, लिंबू पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, पोचल्यावर रिक्षावाल्याला आधी भाडं विचार, आणि परत कधी येशील. यातलं काहीही न बोलता ते खाली उतरले. उतरताना पायरी चुकली, तेव्हा भागवतरावांनी त्यांना सावरलं.

गाडी पुण्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली. भागवतरावांनी एकदा घसा खाकरला, पण सोबत येतो असं काही ते म्हणाले नाहीत. विष्णुपंत चालत घरी गेले. घरभर हिंडले. बाल्कनीत गेले, आत आले, स्वयंपाकघरात जाऊन डबे बघितले आणि डाळीच्या डब्याची जागा बदलायला हात उचलला, तो तसाच खाली घेतला. घरात कसलाच आवाज नव्हता. फोन करावा असं त्यांना चंदनापुरी घाटाच्या वेळेला वाटलं, बोटा गावाच्या वेळेला वाटलं, आणि मोबाईल गादीखाली सरकवून ते त्यावर बसून राहिले.

मग गादीखाली मोबाईल वाजला.

"मी बोलतेय," इंदूबाई म्हणाल्या. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "आळेफाट्याला थांबलीय गाडी. मी उतरले खाली. चहा घेतला एकटीने. आलं घालतात इथे."

तुला बाहेरच्या चहाने अ‍ॅसिडिटी होते, हे वाक्य विष्णुपंतांच्या अगदी जिभेवर आलं. ते त्यांनी गिळलं. पर्स नीट धर, हेही गिळलं. फोन कानाला घट्ट लावून ते नुसते ऐकत राहिले.

"ऐकताय ना?"

"हो. चांगला होता का?"

"छान होता." पलीकडे इंदूबाई थोडं थांबल्या. "हिरव्या मिरच्या मस्त आहेत हो इथे, लोणच्याच्या. आत्ता नको, पुण्याला कशाला न्यायच्या. परत येताना घेईन."